छायानं इंग्रजीत सांगितलं होतं

अहो मास्तर,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी भांडले नाही, म्हणून आज लिहायला बसले. दुसऱ्या कुणापाशी तुम्हाला नावं ठेववत नाही. माणसं भेटायला येतात, सर देवमाणूस होते म्हणतात, मी मान हलवते. पण आज छाया आली आणि माझं डोकं फिरलं. तुम्ही समोर असता तर चहाची कपबशी तुमच्यापुढं आदळली असती.

छाया आठवते ना? पाचोडकडची, मेंढरंवाल्याची पोर. इथं आत्याकडं राहून दहावी करतेय. शनिवारच्या तुमच्या शिकवणीत दाराला टेकून बसायची. तुम्ही दर वेळी ‘पुढं ये’ म्हणायचात आणि ती कधी पुढं आली नाही.

या पुंडलिकनगरच्या बाहेरच्या खोलीत तुम्ही वर्षानुवर्षं इंग्रजीचा एकच शब्द शिकवलात. टेक! चहा प्यायचा तर टेक, औषध घ्यायचं तर टेक, बस धरायची तर टेक, फोटो काढायचा तर टेक. चप्पल काढली की टेक ऑफ, पोरगं आईच्या वळणावर गेलं की टेक आफ्टर. मी आतून ऐकून म्हणायचे, एवढं सगळं एकाच्याच गळ्यात? हा शब्द म्हणजे घरची थोरली सूनच झाली की. तुम्ही हसायचात. ‘कुसुम, चार शब्द अर्धे येण्यापरीस एक पुरता येऊ दे.’

तुमचा हट्ट कुठून आला ते मला ठाऊक आहे. निजामाच्या अमलात पैठणच्या शाळेत तुम्ही उर्दूचं अलिफ-बे गिरवलं. पोलीस ॲक्शन झाली आणि शाळा मराठी झाली. उजवीकडून लिहिणारा हात डावीकडून लिहायला लागला. तो बसतोय तोवर इंग्रजी येऊन उभी राहिली. मॅट्रिकला तिनंच तुम्हाला घरी बसवलं. मग तुम्ही सगळं सोडून हे एक क्रियापद धरलं, त्याच्यावर पास झालात, आणि पुढं जन्मभर त्याचं ऋण फेडत बसलात.

आणि तो तुमचा शनिवारचा नेम! प्रत्येक पोरानं घरात घडलेली एक गोष्ट टेक घालून सांगायची. पुस्तकातली चालायची नाही. खरी पाहिजे, आठवड्यातली पाहिजे. कुणाची म्हैस बाजारात नेलेली असायची, कुणाच्या आज्यानं अंथरूण धरलेलं, कुणाच्या बापानं बाटली. मला वाक्य कळायचं नाही, पण तुमचं ‘शाब्बास’ चुलीपर्यंत यायचं. मला वाटायचं, वा, पोरगं शिकलं.

आज दुपारी मी तांदूळ निवडत होते. छाया पिशवी छातीशी धरून दारात उभी. म्हणाली, “माई, आबा आलेत. आत्याकडं उतरलेत. मला घेऊन जाणारेत, लग्न लावायला.”

“अगं, पेपर आठवड्यावर आलाय. सर होते तवा का नाय बोललीस?”

“बोलले व्हते, माई. दिवाळीनंतरच्या शनिवारी. दे विल टेक मी अवे आफ्टर होळी. होळी झाली की मला घेऊन जाणार, असं.”

“मग सर काय म्हणाले?”

“शाब्बास म्हणाले. फळ्यावर लिहिलं. सगळ्यांकडून म्हणून घेतलं.”

मास्तर, माझ्या हातातलं सूप खाली पडलं. म्हणजे पोरगी तुमच्यापुढं उभी राहून मला वाचवा म्हणत होती, आणि तुम्ही तेच वाक्य वर्गाकडून सुरात घोकून घेतलंत! मी तेव्हा आत काय करत होते? भाजीला फोडणी देत असेन.

मी तिला विचारलं, मराठीत का नाय सांगितलंस? ती खाली बघून म्हणाली, “मराठीत लाज वाटती. इंग्रजीत नाय वाटत.”

मास्तर, आता तुम्हीच बोला. तुम्हाला कळलं होतं का हो? कळलं असेल तर गप्प कसे राहिलात? आणि नसेल कळलं, तर इतके शनिवार तुम्ही ऐकत काय होतात?

संक्रांतीच्या सुमाराला एकदा तुम्ही ‘पाचोडला जाऊन येतो’ म्हणाला होतात. कशाला, ते बोलला नाहीत. जायच्या आधीच छाती धरून बसलात ते बसलातच. कधी मनाला समजावते की छायाच्याच कामाला निघाला होतात. कधी वाटतं, छे, बाजारातून गूळ आणायचा असेल. मला खरंच माहीत नाही, आणि आता सांगणार तरी कोण?

तासाभरानं तिचा बाप आला. उन्हानं रापलेला, अंगानं काटकुळा माणूस. पायरीखालीच चपला काढल्या. “राम राम, माई. सरांचं कळलं तवा मेंढरं घेऊन लांब व्हतो, येता नाय आलं. सरांनी पोरीला लई जीव लावला.”

मी त्याला शिव्या द्यायच्या तयारीत होते, त्याच्या या बोलण्यानं माझी पंचाईत झाली. म्हटलं, “पेपर तेवढे होऊ द्या.”

“पाव्हणे थांबंनात. आन् आम्ही आठ म्हैने रानोमाळ. वयात आलेली पोर किती दिस दुसऱ्याच्या दारी ठेवू? काय झालं तर तोंड मलाच दाखवायचंय. आन् तिनं कधी नको म्हणलं नाय.”

“म्हणाली. सरांना म्हणाली.”

“मला नाय म्हणली.” ते त्याला लागलेलं दिसलं. बाप वाईट नाही हो, घाबरलेला आहे.

मी छायाला आतून बोलावलं. म्हटलं, माझ्याकडं बघू नको, त्यांच्याकडं बघून सांग. ती भिंतीला धरून उभी राहिली. ओठ हलले, आणि बाहेर काय आलं? “आबा, डोन्ट टेक...”

“काय म्हणती ही?” त्यानं मला विचारलं.

“मराठीत बोल, छाये,” मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

“आबा, मला नेऊ नका.” एवढं बोलली आणि मग थांबेचना. “मला आता लगीन नाय करायचं. मला पेपर द्यायचाय. मला भ्या वाटतंय, आबा.” रडत रडत, नाक ओढत, सगळं बोलली.

त्यानं पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. मग म्हणाला, “हे आधी बोलायचं व्हतं, बाय.” चहा प्यायला आणि उठला. “पेपर होईस्तोवर ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. पुढचा शब्द मी देत नाय.”

आता छाया बाहेरच्या खोलीत वाचत बसलीय आणि मी इथं स्वयंपाकघरात. पेपर संपले की तो परत येईल. मग मी एकटी बाई काय करू? कायदा आपल्या बाजूनं आहे म्हणतात, पण कायदा सांगायला गेले तर तो पोरीला बोलता बोलता उचलून नेईल आणि मला पत्ताही लागायचा नाही. हात जोडीन. त्याच्या बहिणीला धरीन. तिच्या शाळेच्या बाईंकडं उद्याच जाऊन येते. पण जीव थाऱ्यावर नाही. हे तुम्ही करायचं होतंत, मास्तर. तुमचा शब्द त्यानं ऐकला असता. मला तुमचा राग येतोय आणि तुम्ही पाहिजे होतात असंही वाटतंय, दोन्ही एकदम.

शिकवणी मी बंद करणार नाही. तुमचा एक जुना विद्यार्थी येऊन शिकवतो म्हणालाय. शिकवू दे त्याला तुमचं टेक, शनिवारचा नेमही राहू दे. पण तुम्हाला वचन देते, मी आता आत बसणार नाही. पोराचं वाक्य झालं की विचारीन, बाळा, हेच आता मराठीत सांग. आणि त्याचं बोलून होईपर्यंत या घरात कुणी शाब्बास म्हणणार नाही.

तुमची,
कुसुम