बिनपॉलिशचे पाईप

प्रिय बाबा,

धाकटीचा वाकून नमस्कार.

तुम्ही विचारलंत, तंबाखूचा बिनपॉलिशचा पाईप घेतं तरी कोण? दर्दी माणसंच घेतात. त्यात काही लपत नाही आणि ओढणाऱ्याच्या हातात लाकडाला रंग चढत जातो. चीर गेलेल्यांना आम्ही पुट्टी भरून गडद रंगवतो. निर्दोष तेवढे मी घासून कोरे ठेवते.

माझ्या आधी इथे घासायला बसणारी बाई गावी गेली म्हणतात. "कुठल्या गावी?" विचारलं, तर मुकादम म्हणाला, "तू आपली घास, बाई."

आईचे गुडघे कसे आहेत? तिला वाचून दाखवताना पुढचं गाळा. खोकला आला की रुमालावर लालसर पडतं. पण हे लाकूडच लाल आहे, त्याचीच भुकटी असणार.

जपून राहा,
तुमची धाकटी