तीन वाटे

आंद्रोस,
द्राक्षतोडणी संपल्यावरच्या अमावास्येनंतर चौथा दिवस

चि. मिकिओनला ताईचे अ. आ. आणि एक धपाटा. आशीर्वाद तू पत्र पाठवलंस म्हणून, धपाटा चार महिन्यांनी पाठवलंस म्हणून.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. द्राक्षं बरी आली, पण तोडायला माणसं मिळाली नाहीत. मी आणि शेजारची थेओक्साने, दोघींनीच उरकलं. पाठीचं पार लाकूड झालंय. थेओक्साने म्हणते की अथेन्समध्ये तुझ्या भावाला द्राक्षं तोडायला शिकवत नाहीत का. मी म्हटलं, तिथे काहीच शिकवत नाहीत, सगळं आधीच येतं म्हणे.

बाबांचं सांगते. मागच्या पौर्णिमेपासून माझं नाव गेलं. आधी आईच्या नावाने हाक मारायचे, मग मावशीच्या, आता नुसतं 'अहो बाई'. परवा अंग पुसून देत होते तर अगदी अदबीने विचारलं की तुमच्या घरचे वाट बघत असतील, तुम्ही जात का नाही. मला आधी हसू आलं, मग गोठ्यात जाऊन रडले. शेळी बघत राहिली.

हात मात्र जसाच्या तसा. गावच्या वेदीवर चाळीस वर्षं बळीच्या मांसाचे वाटे घातलेला हात तो. जवाची भाकरी पुढे ठेवली की सुरी मागतात आणि तीन वाटे घालतात. तराजूत घातलेस तरी फरक निघायचा नाही. एक वाटा आईच्या तिवईवर ठेवतात, एक तुझ्या बाजेवर, तिसरा चुलीच्या कट्ट्यावर. हा तिसरा त्यांचा स्वतःचा, दुसरा कोणाचा असणार! म्हणजे बघ, आई जाऊन सात वर्षं झाली तिला मोजतात, तू पळालास तुला मोजतात, आणि जी रोज धुते-पुसते ती मोजणीत नाही.

आणि तो स्वतःचा वाटाही खात नाहीत. मी हातात दिला तर परत कट्ट्यावर सरकवतात, जास्त आग्रह केला तर रागावतात. मसुराचं कालवण दोन घोट घेतात, झालं. मनगटाची हाडं वर आलीत. मी मग तुझा नि आईचा वाटा संध्याकाळी गार झालेला खाते.

आता खरं कारण. तिनोसच्या एर्गीनोस कुंभाराने मला मागणी घातली आहे. बायको वारली, दोन मुली आहेत, माणूस सरळ आहे. मी चौतीस वर्षांची विधवा, परत कोण विचारणार? पण तू आल्याशिवाय मी इथून हलू कशी? हिवाळ्याने समुद्र बंद व्हायच्या आत ये. चार महिन्यांसाठी म्हणून शिकायला गेलास, तीन वर्षं झाली.

थोडक्यात इतकंच. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
निकारेते


अथेन्स,
पौर्णिमेच्या आदल्या दिवशी

ती. ताईस मिकिओनचा सा. न. वि. वि.

धपाटा पोचला, गालावर बसला. पत्र वाचून वाईट वाटलं आणि, खरं सांगतो, रागावू नकोस, अंगावर काटाही आला. तुला कळलंय का, तू काय लिहिलंयस ते?

आमचे प्राक्सिओन गुरुजी आम्हाला वर्षभर हेच समजावतायत. दोन वल्ही घे. एकाच सुताराने केलेली, तरी अगदी समान नसतात. अगदी समान असं काही आपण कधी डोळ्यांनी पाहिलेलंच नाही. मग ही वल्ही 'जवळजवळ' सारखी आहेत असं आपण म्हणतो ते कशाच्या जवळ? ते कधीतरी पाहिलेलं असलं पाहिजे, आणि जन्मल्यावर पाहिलं नाही, म्हणजे जन्माआधी जिवाने पाहिलं. शिकणं म्हणजे तेच आठवणं. आणि इथे आपले बाबा! घर विसरले, मुलीचं नाव विसरले, पण समान काय ते विसरले नाहीत. जे इथे शिकले ते गेलं, जे घेऊन आले ते राहिलं. पुढच्या महिन्याच्या पौर्णिमेला गुरुजींच्या बागेतल्या सभेत मला पहिल्यांदाच बोलायचंय, आणि मी बाबांचंच सांगणार आहे. गुरुजींनी पाठ थोपटली, ते कोणाची थोपटत नाहीत.

मला लहानपणीचं आठवलं. वेदीवर सगळ्यांचे वाटे झाले की फळीवर राहिलेला चुरा तेवढा बाबांचा. कापणाऱ्याने स्वतःला मोजायचं नाही ही आपल्या गावची रीत. मला त्या चुऱ्याचा काय हेवा वाटायचा! चरबीचे करपलेले तुकडे असायचे त्यात. एकदा मी पळवले, तर बाबा उपाशी राहिले पण बोलले नाहीत. तू मात्र माझा कान पिळलास.

एक कर. बाबांना सांगू नकोस की मी निकारेते, मी तुमची मुलगी. सांगितलेलं टिकत नाही. विचार. गुरुजी कधी काही सांगत नाहीत, फक्त विचारतात, आणि उत्तर आतून येतं. धीराने विचारलंस तर तुझं नावही येईल.

सभेमुळे आत्ता निघता येत नाही. वसंतात समुद्र उघडला की पहिल्या गलबताने येतो. एर्गीनोसला तेवढं थांबायला सांग, मडकी भाजणाऱ्याला घाई कसली.

मोठ्यांनी चूकभूल पोटात घालावी.
तुझा,
मिकिओन


आंद्रोस,
ऑलिव्ह झोडपायला सुरुवात

चि. मिकिओन यास अ. आ.

तुझ्या अंगावर काटा आला, वाचून आनंद झाला. माझ्या अंगावर काय येतं ते सांगू? बाबांचं धुणं येतं, रोज.

तुझ्या गुरुजींना एवढं विचार की जन्माआधी जिवाने सगळं पाहिलं तेव्हा त्यात निकारेते नावाची बाई होती का? समान होतं म्हणे, सुंदर नि चांगलंही असेल. मी नव्हतेच, खरं ना? मग मला कशातून आठवायचं त्यांनी? मी इथेच जन्मले, इथेच त्यांना भेटले, म्हणून इथेच पुसले गेले. तुझं म्हणणं मला अगदी नीट समजलं बघ. अक्षरं तूच शिकवलीस मला खापरांवर कोळशाने. ती मात्र मला आधी येत नव्हती.

माझा आता पाय निघालाय. काल कारिस्तोसहून आपला चुलत भाऊ क्लेओन आला होता. बाबांना ठेवून घेतो म्हणाला. त्याची बायको शेळ्यांच्या गोठ्याशेजारची खोली दाखवेल हे मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. पण ज्यांना मी घरची वाटत नाही त्यांना कोणाच्याही घरी कालवण मिळालं की झालं. ऑलिव्ह उतरले की त्यांना पोचवीन आणि तशीच तिनोसला जाईन. मी थकले आहे रे. थकले म्हणजे काय हे तुला जन्माआधी दिसलं नसेल.

तू वसंतात ये, नाहीतर येऊ नकोस. घराची किल्ली थेओक्सानेकडे असेल.

आणखी लिहायला हात उचलत नाही.
निकारेते


आंद्रोस,
आधीच्या पत्रानंतर तिसरा दिवस

चि. मिकिओन यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

आधीचं पत्र वादळामुळे बंदरातच अडकलंय. परत घेणार होते, पण जाऊ दे, दोन्ही एकदम मिळू देत. खोटं त्यात काही लिहिलेलं नाही, फक्त एक सोडून.

काल बाबांचे कपडे आतापासूनच गाठोड्यात बांधले. मग जेवायला बसवलं. नेहमीसारखे तीन वाटे झाले. मी मनात म्हटलं, चला, जाता जाता भावाचं ऐकावं, नाहीतर जन्मभर म्हणेल की ताईने विचारलंच नाही. म्हणून तिवईवरच्या वाट्याकडे बोट दाखवून विचारलं, हा कोणाचा. म्हणाले, तिचा, ती शेतावरून येईल आता. बाजेवरचा कोणाचा, तर पोराचा, तो गावाला गेलाय, भुकेला येईल. मग मी कट्ट्यावरचा विचारला, आणि म्हटलं, हा तुमचाच ना.

माझ्याकडे असे बघायला लागले की किती वेडी बाई आहे. म्हणाले, तो कसा माझा, तो चुलीपाशी जी असते तिचा. मी विचारलं, ती कोण. म्हणाले, नाव काही आठवत नाही, पण दिवसभर राबते बिचारी आणि सगळ्यांचं झाल्यावर गारढोण खाते, म्हणून तिचा वाटा चुलीच्या उबेला ठेवतो.

मिकिओन, तो वाटा मी रोज त्यांच्या तोंडात कोंबत होते रे. ते माझ्यासाठी मागे सारत होते आणि मी त्यांच्यावर खेकसत होते.

मग विचारलं, आणि तुमचा? तर फळीकडे बघितलं, बोटांनी चाचपली, आणि जरा ओशाळून म्हणाले, कापणारा मोजत नसतो, चुरा पडला तर त्याचा. आता तूच सांग, भाकरीला कसला आलाय चुरा? मी मेली गोल, गुळगुळीत, कडा दाबून भाजते, आईने शिकवल्यासारखी. महिना दीड महिना तो माणूस पुढ्यातली भाकरी वाटून उपाशी बसला होता, आणि मी म्हणत होते की म्हातारा अन्न टाकतोय.

आज सकाळी भाकरी मुद्दाम वेडीवाकडी थापली, कुठे जाड, कुठे फाटकी, एका बाजूला चांगलं शेपूट काढलेलं. वर चीज कुस्करलं. बाबांनी नाक मुरडलं, सुरीने सगळ्या कडा छाटून टाकल्या, आत नेमके तीन वाटे घातले. मग छाटलेला ढीग पुढ्यात ओढला आणि सगळा खाल्ला. बोटं चाटली. मी माझा वाटा गरम गरम त्यांच्यासमोर बसून खाल्ला. बघून मान डोलावली त्यांनी.

गाठोडं सोडलं. क्लेओनला आणि एर्गीनोसलाही नको म्हणून कळवते आहे. हे रागाने लिहीत नाही, तू तुझी सभा कर. नाव आलं नाही, ते काही यायचं नाही. पण थकवा आहे तो आहे, तो काही उतरलेला नाही, म्हणून जमलं तर लवकर ये.

घरावर नजर असू दे.
ताई


आंद्रोस,
समुद्र उघडल्यावर पहिलं गलबत

तिनोस मुक्कामी ती. सौ. ताईस मिकिओनचा सा. न., आणि भावजींना व दोन्ही भाच्यांना यथायोग्य.

हिवाळ्याआधी घरी येऊन तुला तिनोसच्या त्या शेवटच्या गलबतात ढकलून बसवलं तेव्हा तू घातलेल्या शिव्या सगळ्या लक्षात आहेत, एकही विसरलेलो नाही. एर्गीनोस भावजी लग्नाला आले तेव्हा तुझ्या नकाराचं पत्र हातात घेऊन आपल्या बंदरावर उभे होते हे थेओक्साने अजून सगळ्यांना सांगते. इथल्या त्या घाईच्या लग्नात तुझ्या मानेवर ओझं दिसलं नाही, बरं वाटलं.

सभेत काय झालं ते तू जाताना विचारलं होतंस. तुझी दोन्ही पत्रं आदल्या दिवशी मिळाली होती. उभा राहिलो, वल्ह्यांचं सांगितलं, बाबांच्या हाताचं सांगितलं, सगळे माना डोलवत होते. मग चुलीच्या कट्ट्यावरच्या वाट्याशी आलो आणि माझंच म्हणणं तिथे अडलं. समान ते बाबा जन्माआधी पाहून आले असतील, मी अजून तसंच मानतो. पण चुलीपाशी कोणीतरी राबतं आणि गार खातं, हे त्यांनी तिथे कुठे पाहिलं? ते इथेच शिकले, तुला रोज बघून, आणि नाव गेलं तरी ते गेलं नाही. गुरुजींना मी हे विचारलं. ते म्हणाले, घरी जा.

बाबा बरे आहेत. अंगाने चक्क भरलेत, कारण माझी भाकरी मुद्दाम वाकडी करावी लागत नाही. निम्मी छाटली जाते. मला 'अहो गृहस्थ' म्हणतात. पाठ धुताना काल विचारत होते की तुम्ही कुठल्या गावचे.

वाटे अजून तीनच. चुलीपाशी आता मी असतो, म्हणून कट्ट्यावरचा वाटा माझ्याकडे सरकवतात आणि मी खाईपर्यंत बघत बसतात. म्हणजे तुझा वाटा मी खातोय ताई, सांभाळून घे. माझा वाटा ते बाजेवर ठेवतात. मी त्यांच्यासमोर बसलेलो असतो आणि ते दाराकडे बघत मला सांगतात की पोरगा येईल, भुकेला असेल, त्यातलं कोणी घेऊ नका. मी घेत नाही.

येणं जमेल तेव्हा ये, तोवर आठवण ठेव.
तुझा,
मिकिओन