चार हजार मीटर खालचं पाणी

प्रिय चिंगे,

फोनवर हे सांगायला घेतलं असतं तर तू पहिल्याच वाक्याला मध्ये तोंड घातलं असतंस, म्हणून कागद घेतला. जहाज पुढच्या बंदराला लागलं की हे तुझ्या हातात पडेल. तिथून घरी पोचेपर्यंत तुला माझ्यावर चिडायला पुष्कळ वेळ आहे. तो हिशेब करूनच लिहिते आहे.

आधी घरचं. बाबा बरे आहेत. खुब्याचं हाड जुळलं, पण मोडल्यापासून चाल बदलली ती बदललीच. काठी टेकत स्वयंपाकघरापर्यंत येतात, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी मात्र अजून हात द्यावा लागतो, आणि दिलेला हात झिडकारतातही. जन्मभर पंप दुरुस्त केलेला माणूस, शेजारचा नळ ठिबकत असला तरी यांना इथे झोप नाही. दिवसभर खिडकीशी बसतात. खिडकीत तुझी बाटली असते, पहिल्या सफरीहून तू आणलेली, चार हजार मीटर खालच्या पाण्याची. दूधवाला येवो, गॅसवाला येवो, वरच्या मजल्यावरच्या काकू येवोत, बाबा झाकण उघडून प्रत्येकाला वास घ्यायला लावतात. "धाकटीनं आणलंय. तिथे बारा महिने अंधार असतो, बरं का!" मग थर्मोकोलचा तो पेला निघतो. पाण्याखाली पाठवून दाबानं अंगठ्याएवढा करून आणलेला, त्यावर तू बाबांचं नाव लिहिलेलंस. पुढे लोकांना तो हातात घ्यावाच लागतो. परवा गॅसवाल्यानं सहज विचारलं, "आणि मोठी काय करते?" बाबा म्हणाले, "ती इथेच असते." मी आत भांडी घासत होते. एक पातेलं जरा जोरात आपटलं, तर म्हणतात कसे, "अगं, हळू!"

चिंगे, मला तुझा हेवा वाटतो. लिहून टाकलं एकदाचं. थोडाथोडका नाही, चांगला सणसणीत. तुझा फोटो आला की मी आधी तुझ्या मागचं पाणी बघते आणि मग तू बारीक झालीस का ते बघते. लहानपणी पलीकडच्या काठाला जायच्या बोटीत कोण ओकायचं? तू. तेही माझ्या मांडीवर. मी मात्र पुढच्या टोकाला ताठ उभी असायचे. नावाडी म्हणायचा, ही पोर जन्माची खलाशी आहे. आता जन्माची खलाशी बिनखिडकीच्या खोलीत स्टुलावर बसते, आणि ओकणारी ध्रुवाकडे जाते.

जहाजावर जागा एकच होती आणि पाणी तपासणाऱ्या आपण दोघी होतो, हे तुला आठवत असेल. त्याच आठवड्यात बाबा जिन्यावरून घसरले. कुणीतरी थांबायलाच हवं होतं, तर थोरलीनं थांबावं, हे तर कुणी बोलूनही दाखवलं नाही. मीच म्हटलं, तू जा. तू रडलीस, मला मिठी मारलीस आणि अर्ध्या तासात माझी लोकरीची टोपी मागितलीस. टोपी अजून परत आलेली नाही.

तुझी पत्रं मी वाचते आणि माझा जळफळाट होतो. तू लिहितेस, शून्याखाली गेलं तरी समुद्र गोठत नाही, आणि गोठायला लागला की बर्फ मिठाला बाहेर काढतो, मग ते खारट जड पाणी सरळ तळाकडे निघतं. बाई गं, हे तुला कुणी शिकवलं? तू शाळेत असताना एका पांघरुणात पडून मीच सांगितलं होतं ना? तळ्याचं पाणी चार अंशाला सगळ्यात जड असतं, म्हणून तळं वरून गोठतं, आणि समुद्राचं पाणी गोठेपर्यंत जडच होत जातं, हे ऐकून तू म्हणाली होतीस, "म्हणजे समुद्र हट्टी आहे." मी पुस्तकात वाचलेलं तू डोळ्यांनी बघून आलीस, आणि वर मलाच कळवतेस. समुद्र माझ्याकडे येतो तो तुझ्या खोक्यांतून. दिवसभर बाटल्या खोलीच्या तापमानाला येईपर्यंत वाट बघायची, बाटलीची मान पुसायची, यंत्राची नळी बुडवायची, पाण्यातून वीज किती सहज जाते त्यावरून मीठ किती ते काढायचं. किलोभर पाण्यात पस्तीस ग्रॅमच्या आसपास, आणि आम्ही भांडणार तिसऱ्या दशांश स्थळावरून.

तर आता खोक्यांचंच सांगते. मागच्या बंदरातून तू पाठवलेले नमुने आले. वरचे थर अगदी शहाण्यासारखे निघाले. खालचे लावले आणि आकडा चढला. चार हजार मीटरखालच्या पाण्यात एवढा फरक म्हणजे घराचं छप्पर फूटभर वर गेल्यासारखं. मी यंत्र मानक पाण्यावर, ज्याचं मीठ आधीच पक्कं ठाऊक असतं त्यावर, पुन्हा तपासलं. यंत्र ठीक होतं. आणि खरं सांगू? मला आनंद झाला. वाटलं, चुकली! झाकणं ढिली ठेवली, पाणी उडालं, मीठ मागे राहिलं. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळ, मान कोरडी कर, झाकण लावून पुन्हा एकदा पीळ, हे मी तुला हातात हात धरून शिकवलं होतं, आणि तू ध्रुवाचे फोटो काढत बसलीस. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी आकडे पाहिले. त्या काय बोलणार ते मला माहीत होतंच. "ज्यांच्या बाटल्या उघड्या राहतात त्यांना मी पुन्हा जहाजावर पाठवणार नाही. पण आधी पुरावा हवा." मी लगेच म्हटलं, मी आणते. एवढ्या लगेच की बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

पुरावा म्हणजे काय, तर पाणी उडालेल्या बाटलीत नेमकं काय होतं ते दाखवायचं. तशी बाटली कुठे मिळणार? मिळाली की! बाबांच्या खिडकीत. त्या पाण्याचे पहिले आकडे मीच काढलेले होते, आणि तेव्हापासून अख्ख्या गल्लीनं झाकण उघडून वास घेतला होता. झाकणाखाली मिठाचं पांढरं कडं जमलेलं. सकाळी बाबा न्हाणीघरात होते तेव्हा उचलली आणि पिशवीत टाकली. संध्याकाळी दारात पाऊल ठेवलं तर बाबांनी माझ्याकडे नाही, माझ्या पिशवीकडे पाहिलं. बाटली परत जागेवर ठेवली तर म्हणाले, "अर्धी प्यायलीस की काय?"  चहाही नको म्हणाले.

बाबांच्या बाटलीतलं मीठ वाढलेलं होतं, अपेक्षेप्रमाणे. बरोबर सिलिकेटही, म्हणजे पाण्यात विरघळलेला वाळूचा अंश, वाढलेलं होतं, त्याच प्रमाणात. पाणी उडालं तर मागे राहिलेलं सगळंच दाट होणार, आमटी आटल्यावर तिचं मीठ आणि तिखट दोन्ही लागतं तसं. मग तुझ्या बाटल्यांत सिलिकेट मोजलं. ते कमी निघालं. मीठ वाढलेलं आणि सिलिकेट घटलेलं. पुन्हा मोजलं, दुसरं द्रावण करून मोजलं, तेच. प्राणवायू तू जहाजावरच मोजला होतास. तो मी आधी बघितलाच नव्हता, कारण आरोपीचा शब्द कशाला धरायचा. तो बघितला तर नेहमीपेक्षा जास्त. झाकण ढिलं राहून सिलिकेट कमी होत नाही, चिंगे. आणि ढिल्या झाकणाची प्रत्येक बाटली वेगळं खोटं बोलते, तुझ्या सगळ्या एकच सांगत होत्या. म्हणजे बाटल्या घट्ट होत्या. पाणीच वेगळं होतं. तळाशी मुरलेल्या जुन्या पाण्यात सिलिकेट साचत जातं आणि प्राणवायू संपत जातो, इथे सगळं उलटं. जिथे ते असायला नको तिथे दुसरीकडचं, खारट, ताजं पाणी तळाशी शिरलेलं आहे, आणि ते तू वर काढलंस.

मी त्या स्टुलावर बसून हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुझी चूक पकडायला गेले आणि तुझा शोध सिद्ध करून बसले. मी नसते तर बाईंनी ते आकडे ढिली झाकणं म्हणून खोडून टाकले असते, आणि तुला कळलंही नसतं. कागद फाडावेत असं क्षणभर मनात आलं का? आलं. पण आकडा मला खोडता येत नाही, तेवढं एक माझ्याकडे आहे. बाईंना सगळं मांडून दिलं. त्या उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "धाकटीनं नाव काढलं!" मग बसता बसता, "आणि तुझं काम चोख." घरी येऊन बाबांना सांगितलं तर त्यांनी डोळे पुसले, काठी शोधली आणि वरच्या काकूंना सांगायला जिना चढायला निघाले. त्यांना धरून खाली बसवायला मीच होते.

आता पत्राचं खरं कारण. जहाज परत येतं आहे, आणि पुन्हा त्याच जागी पाणी काढायला लगेच निघणार आहे. पाणी तपासणाऱ्याची जागा एकच. बाई तुझं नाव लिहीतच होत्या. मी म्हटलं, जिनं पहिल्यांदा पाणी काढलं तिनंच ते दुसऱ्यांदा काढायचं नसतं, दुसरा हात हवा, नाहीतर कुणी विश्वास ठेवणार नाही. हे शंभर टक्के खरं आहे, तुलाही ठाऊक आहे. आणि हे मी हेव्यानं म्हटलं, तेही तितकंच खरं आहे. बाईंनी विचारलं, "मग कोण?" मी म्हटलं, मी. विचारत नाही, चिंगे, कळवते आहे. टोपी येताना घेऊन ये, मला लागेल. बाबांच्या गोळ्या फ्रीजवरच्या डब्यात आहेत. उंबऱ्याशी हात दे, झिडकारला तरी काढू नकोस. माझ्या स्टुलाचा एक पाय हलतो, त्याखाली पुठ्ठा आहे, तो काढू नकोस. मी पाठवेन त्या खोक्यांतलं पाणी नीट तपास, आणि चूक सापडली तर खुशाल आनंदी हो. खिडकीत तुझ्या बाटलीशेजारी जागा करून ठेव. गॅसवाला येईल, बाबा त्याला माझ्या बाटलीचा वास घ्यायला लावतील, आणि तो तुझ्याबद्दल विचारेल. तेव्हा तू आत भांडी घासत असशील. पातेलं हळू ठेव.

तुझ्यावर जळणारी आणि तरीही तुझीच,
ताई