जिन्यावरून पडलेच नाही

इइदा, ९ ऑक्टोबर

ती. सुमिएआत्यास,
शि. सा. न.

तू पाठवलेल्या शिंपल्यांचं सार बाबांनी एकट्यानेच फस्त केलं. मला वास तेवढा मिळाला.

तू तीस वर्षं शाळेच्या आरोग्यखोलीत काढलीस, म्हणून तुलाच विचारते. नडगीला पट्टी कशी बांधली म्हणजे तीन आठवडे निभेल? तीन नोव्हेंबरला आमची पाच जणींची लांब पल्ल्याची रिले आहे, तिसरा टप्पा माझा.

सप्टेंबरपासून सरावात नडगी ठणकते. शाळेत मात्र मी घरच्या जिन्यावरून घसरले असं सांगितलं. आरोग्यखोलीतल्या उएमात्सु बाईंनी कागदावर तसंच लिहिलं, डॉक्टरांनी एक्स-रे बघून लेपाच्या पट्ट्या दिल्या. खरं सांगितलं तर सरावाची चौकशी होईल आणि आमचा सराव घेणारे हिराबायाशी सर अडचणीत येतील. आमची कर्णधार रिसाकोताई, तिची ही शाळेतली शेवटची शर्यत. राखीव मुलगी नाही, मी बसले तर संघच बसला.

बाबांना कळवू नकोस. लोभ आहेच, या पत्राने तो आटू नये एवढीच विनंती.

तुझी,
कानोको


मात्सुए, १३ ऑक्टोबर

चि. कानोकोस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबाने मागच्या आठवड्यात फोनवर सांगितलं, की पोरगी हल्ली घरात धडपडते. मी म्हटलं, तुझ्यावर गेली असेल. तेव्हा हसले, आता स्वतःचाच राग येतोय.

पट्टीची युक्ती मला येते, पण सांगणार नाही. तू जिना सांगितलास म्हणून डॉक्टरांनी मुका मार शोधला. रोज धावून हाडाला जी बारीक चीर पडते, ती सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. तू किती धावतेस हे ठाऊक असतं, तर त्यांनी पुढची तपासणी केली असती. शिवाय शाळेचा विमा सरावातल्या दुखापतीला लागू होतो, घरच्या जिन्याला नाही. उपचारही चुकला आणि विमाही गेला. तशीच धावलीस तर हाड मोडेल, आणि मग धावणं कायमचं विसर.

तू काही जगावेगळं केलं नाहीस. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं सांगण्यापुरती घरीच पडलेली असायची. एकदा तर एका सरांच्या शब्दाखातर मीच एका मुलीच्या कागदावर जिना लिहिला. ती पुन्हा धावली नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

उद्याच उएमात्सु बाईंकडे जा. कागद बदलता येतो. बाबाला तू सांग, नाहीतर रविवारी मी सांगेन.

रागावले आहे, पण माया तसूभरही कमी झालेली नाही, हे कळावे.

आत्या


इइदा, २५ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडले, मग गेले. उएमात्सु बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सरांना बोलावलं. सरांनी नवा कागद मागून घेतला आणि आपल्या हाताने लिहिलं, की रोज पंधरा किलोमीटर, ऑगस्टपासून एकही सुट्टी नाही. तो कागद विम्याकडे गेलासुद्धा.

नव्या तपासणीत चीर सापडली. सहा आठवडे धावायचं नाही. डॉक्टर म्हणाले, की वेळेवर आलीस, वसंतात पूर्वीसारखी धावशील. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग ते वाळवायची पर्सिमनची फळं तासभर सोलत बसले. रात्री माझ्या ताटात मासा जास्त होता.

संघाचं नाव शर्यतीतून मागे घेतलं. आता रिसाकोताई माझं तोंडही बघणार नाही, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी आरोग्यखोलीत गेले, तर ती माझ्याआधीच तिथे, गुडघ्यावर बर्फ धरून. उन्हाळ्यापासून दुखतोय म्हणे. इतके दिवस बोलली का नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणाली, की तू इतकी जीव तोडून धावत होतीस, माझ्यापायी तुझी शर्यत बुडायला नको होती.

आम्ही दोघी तिथेच बसून रडलो. आता रोज शाळा सुटल्यावर शेजारी शेजारी बर्फ लावतो.

माया आहे तशी राहू दे, जमलं तर वाढव.

तुझी,
कानोको