आजीच्या गाण्यांसाठी कोणता ड्रायव्हर सुरक्षित?

भिवंडी,
रविवार

चि. करिष्मा हिस,
रामनाथमामाचा सप्रेम जय भीम.

इकडील सर्व खुशाल, असे लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु नेमके लिहायचे तर मी, तुझी मामी व तुझी आजी खुशाल आहोत, संगणक नाही. तुझा खोकला गेला का? बेंगळुरूच्या हवेला दोष देण्यापूर्वी फ्रीजचे पाणी बंद करून पाहा. हे सारे फोनवर सांगता आले असते, पण फोनवर तू "मामा, थोडक्यात सांगा" म्हणतेस, आणि थोडक्यात सांगितलेल्या गोष्टीची जबाबदारी मी घेत नाही.

तू नोकरीवर रुजू होताना आजीने स्वतः रचलेली गाणी तिच्याच आवाजात मुद्रित करून ज्या दोन डिस्कवर ठेवून गेलीस, त्या सध्या उघडत नाहीत. झाले असे की, नवीन कर्नेल बसवू का, असे पडद्यावर अत्यंत नम्रपणे विचारले गेले, आणि नम्रपणे विचारणाऱ्याला मला नाही म्हणता येत नाही. कर्नेल म्हणजे यंत्रणेचा गाभा, आणि डिस्कवरची मांडणी त्याला वाचून दाखवतो तो फाइलसिस्टिमचा ड्रायव्हर (तू शिकवलेले मी विसरलेलो नाही). आता गाभा नवा झाला, ड्रायव्हर जुनाच राहिला, आणि दोघे एकमेकांना ओळखेनात.

तेव्हा मी ड्रायव्हर बनवणाऱ्यांचे इंटरनेटवरचे पान उघडले. तेथे बऱ्याच आवृत्त्या मांडलेल्या होत्या. इथल्या वडपे गावच्या गोदामात माझी उभी हयात गेली. आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा, हा तेथला नियम माझ्या रक्तात आहे. त्यानुसार मी त्या पानावरची सर्वांत जुनी आवृत्ती उतरवून घेतली (नवी आधी उचलली तर जुनी पडून राहील, असा माझा प्रामाणिक विचार होता). ती बसेना. तुझ्या मामीने चहाचा कप ठेवता ठेवता विचारले, "गोदामातली बिस्किटं मऊ पडतात म्हणून जुनी आधी काढता. हे काय मऊ पडणार हाय?" मी शिकलो त्या वाणिज्य शाखेत मऊ न पडणाऱ्या मालाचा धडा नव्हता.

मग खालच्या मजल्यावर संगणक दुरुस्त करणाऱ्या अदनानला बोलावले. मुलगा गुणी आहे, फक्त त्याला धीर नाही. या कर्नेलसाठी अजून तयार नसलेला ड्रायव्हरही प्रायोगिक म्हणून बळेच बसवण्याची एक सोय त्याने शोधून काढली आणि म्हणाला, "चाचा, टाकून बघू ना. क्या होएगा?" क्या होएगा, हे मला आधी लेखी हवे होते. ते द्यायला तो तयार नव्हता. अर्ध्या ओळखीच्या माणसाच्या हाती मी गोदामाची किल्ली देत नाही. आईची गाणी कशी देईन?

कारण, करिष्मा, दिवे लागले की आईला ती गाणी लागतात. ती आपलीच आहेत, हे आता तिच्या ध्यानात राहत नाही. "ही बाय कोण गो? बरी गाते," असे मामीला विचारते, आणि मग, "पर मधी दम लय खाते," असा शेरा मारते. सध्या ती बंद स्पीकरसमोर बसून असते. "ती बाय आज बी आली न्हाय?" असे तिने विचारले तेव्हा मी बाई रजेवर असल्याचे सांगितले. आयुष्यात प्रथमच मी विनाअर्ज रजा मंजूर केली.

तरी पुढील खुलासा करावा. ज्या आवृत्तीच्या माहितीत आपल्या कर्नेलचा क्रमांक स्पष्ट छापला आहे, तीच घ्यावी ना? चाचणीसाठी काढलेली, सर्वांत नवी आवृत्ती टाळावी, हे माझे मत बरोबर आहे ना? आणि डिस्क उघडल्यावर तिची मांडणीही नवी करून घ्या, अशी सूचना आली तर (मी ऐकतो की त्यानंतर जुना ड्रायव्हर ती वाचू शकत नाही) तिला नम्रपणे नकार कसा द्यावा?

प्रकृतीस जप. मामीने सुकट भाजून डब्यात भरून ठेवली आहे.

तुझा,
रामनाथमामा

ता. क. वरील मजकूर पुरा झाल्यावर अदनान पुन्हा आला. संगणक सुरू होताना जी यादी येते, तीत जुने कर्नेल तसेच शिल्लक होते. त्याने ते निवडले आणि डिस्क उघडल्या. सर्वप्रथम मी सर्व गाण्यांची वेगळी प्रत करून कपाटात ठेवली. त्यामुळे ड्रायव्हरबाबत घाई नाही. खरे तर हे पत्र पाठवण्याचेही कारण उरले नव्हते.

ता. क. २. परंतु काल गाणी लावली तेव्हा, एका गाण्यात आई ओळ विसरून थांबते, तेथे मागून तुझा आवाज आला, "आजी, पुढं म्हण ना." आई खुर्चीतून म्हणाली, "थांब गो करू, सांगते," आणि तिने ती ओळ म्हटली. ध्वनिमुद्रणात ती ओळ नाही. मला ती हल्ली कोणी मास्तर समजते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुझे ‘करू’ हे नाव मात्र अजून तिच्याजवळ आहे. ते आहे तोवर ये.