चौकटीआधी भिंती

घाटंजी,
वैशाखातली दुपार

ती. सौ. विमलताईस,

श्रावणचा पायांवर डोकं ठेवून (तू पाय मागे घेतलेस तरी) नमस्कार. वणीची धूळ आणि तुझा खोकला यांचं सध्या कसं चाललं आहे? भाऊजींचा गुडघा? इकडे बापूजी, तुझी भावजय साधना आणि मी खुशाल. फोनवर माझा आवाज ऐकताच तू ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. पत्र निदान फेकण्याआधी उघडावं तरी लागतं.

तुझा राग रास्त आहे. घराची चौकट बसवायचा मान लेकीचा. तिच्या हातचं हळदीकुंकू लागल्यावरच भिंती चढायच्या, ही आपली रीत. तुझ्यासाठी साडीही आणून ठेवली होती (मोरपंखी, साधनाला आवडली, तरी तुझ्यासाठीच). पण ताई, हे विटांचं घर नाही. वाळू-पाणी कमी लागतं, उन्हाळ्यात कूलर लागत नाही, म्हणून मी तयार पॅनेलचं घर घेतलं: दोन्हीकडून काँक्रीट, मध्ये थर्माकोल. मुहूर्त शुक्रवारचा होता आणि क्रेन आली मंगळवारी. क्रेनवाला म्हणाला, आज नाही तं मंग पोळ्यालेच. मी ‘बरं’ म्हणून बसलो, आणि गुरुवारी चारही भिंती उभ्या! दोन पिढ्यांत आपल्याकडे एक काम वेळेआधी झालं नव्हतं, झालं ते नेमकं हे. त्यात तुला फोटो पाठवायची अवदसा मला आठवली.

शिक्षा मी भोगतोच आहे. मोहल्ल्यातला प्रत्येक जण येतो, भिंतीवर टिचकी मारतो, “हे तं टीव्हीच्या खोक्यातलं सामान हाय” म्हणतो आणि चहा पिऊन जातो. बापूजींचं तर विचारूच नकोस. पाणी मारल्याशिवाय भिंत पक्की होत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ त्यांच्या हातात पाइप. आपला इंजिनिअर संघदीप (यवतमाळचा, गुणी पोरगा) हात जोडून म्हणाला, “बापूजी, हे पॅनेल कारखान्यातच पाणी पिऊन आले जी.” बापूजी म्हणाले, “मंग एवढ्या उन्हात ट्रकमधी तहान नाही लागली त्याईले?” पाणी वाचवणाऱ्या घरावर आम्ही दोन टँकर ओतले.

तरी घर झकास झालं आहे. बाहेर पंचेचाळीस असलं तरी आत पंखा नको. वास्तू पुढच्या बुधवारी. तू आलीस तर आनंद, नाही आलीस तर समजून घेऊ. आमचं काही अडलेलं नाही.

तुझा धाकटा,
श्रावण

ता. क. : अडलं आहे. चौकट बसलेलीच नाही. भिंतीत दाराएवढी जागा सुटली आहे आणि सागाची चौकट अंगणात टेकून ठेवली आहे. पंधरा दिवसांपूर्वी संघदीप ती बसवायला आला, तर बापूजी त्या जागेत खाट टाकून आडवे झाले. “माही लेक आल्याबिगर इथं खिळा ठोकाचा नाही.” तेव्हापासून खाट तिथंच. ताई, चुकलो मी. तुझ्याविना या घरात पाऊल टाकवत नाही. ये.

ता. क. २ : घर गार आहे हे मी संघदीपच्या कागदावरून लिहिलं. दार नसल्यामुळे झळ सरळ आत येते. हे पत्र कूलरपुढे बसून लिहिलं आहे.

ता. क. ३ (बापूजींच्या अक्षरात) : विमल, बुधवारची वाट पाहू नको, आजच निंग. मी उठलो का शेळी आत जाते.