वरच्या ओळी

३ मार्च
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि झकास गेला. टेबल खिडकीशी, खुर्ची फिरती, चहा फुकट. नकाशे छापणारी कचेरी आहे ही. माणसं दहा, आणि दहांत मिळून अक्कल पावशेर. निघताना ठकीने, म्हणजे माझ्या सहा वर्षांच्या लेकीने, डब्याच्या झाकणावर मार्करने आमचं घर काढून दिलं, निळ्या दाराचं. चित्र माझ्यापेक्षा बरं काढते.

कचेरी सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंनी कॉम्प्युटर दाखवला. नवं खातं मिळणार नाही म्हणाल्या. नकाशांचा जुना प्रोग्राम एकाच खात्यात चालतो, म्हणून येईल त्याने त्याच खात्यात बसायचं. माझ्याआधी पाचजण बसून गेले. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनलाच चिकटवलेला. धन्य ती मंडळी.

४ मार्च
आज त्या खात्याचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल उघडले. ज्यांना हे कळत नाही, म्हणजे या कचेरीतल्या झाडून सगळ्यांना, त्यांच्यासाठी सांगतो: ही नुसती यादी असते. डावीकडे नाव, उजवीकडे त्यापुढे काय धरायचं ते. प्रोग्राम सुरू होताना यादी वाचतो आणि डोळे मिटून विश्वास ठेवतो. खालच्या चौकटीत सगळ्या मशीनच्या ओळी, वरच्या चौकटीत फक्त या खात्याच्या.

तर वरच्या चौकटीत काय? घर_१, माणूस_१, घर_२, माणूस_२, असं पाचापर्यंत. प्रोग्राम सुरू होताना म्हणे घर आणि जवळचं माणूस विचारतो, त्याशिवाय चालत नाही. म्हणून या दिवट्यांनी आपापले पत्ते आणि बायकापोरांची नावं तिथे लिहून ठेवली, आणि नोकरी सोडून गेले तरी तशीच राहू दिली. बाईंनी बजावलं की आपल्या दोन ओळी याच यादीत शेवटी वाढवा, वरच्यांना हात लावू नका. का, तर पद्धत आहे. मी विचारलं, "कामाच्या यादीत लोकांचे संसार कशाला?" बाई चहाचा कप उचलून निघून गेल्या.

दहाही ओळी न वाचता उडवल्या. माझ्या दोन टाकल्या, घर आणि माणूस. तीन खिडक्या, तीनदा ओके. माणूसपुढे ठकीचं नाव टाकताना मात्र बरं वाटलं.

१२ मार्च
जिन्यात सकाळपासून एक म्हातारा बसलाय. माझ्या खुर्चीवर पूर्वी बसून गेलेल्यांतला पहिला, असं बाई म्हणाल्या. काल दुपारी जेवून पडला आणि उठला तेव्हा आपलं घर कुठलं ते आठवेना. या कचेरीचा रस्ता तेवढा आठवला. मला विचारतो, "माझ्या ओळीत काय लिहिलं होतं, तेवढं सांगता का?" मी म्हटलं, आजोबा, डॉक्टर गाठा. वयाला औषध नाही आणि भोळसटपणाला तर नाहीच.

१९ मार्च
जिन्यात आता पाचजण आहेत. शेवटची एक बाई, माझ्या लगेच आधीची. हातात किल्ल्यांचा जुडगा आहे, कुठल्या दाराच्या ते तिला माहीत नाही. मोठ्या बाई त्यांना चहा नेऊन देतात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

योगायोग. पण एक गोष्ट लिहून ठेवतो. यादी बदलली तरी प्रोग्रामची उघडी खिडकी जुनंच धरून बसते. ती बंद करून पुन्हा उघडली की मगच नवं वाचते. हे पाचहीजण झोपून उठल्यावर विसरले. सगळे एकाच दिवशी नाही. बहुतेक त्या बावळटांच्या डोक्यात ओळ वर्षानुवर्षं मुरलेली, म्हणून पुसायला कुणाला थोड्या झोपा लागल्या, कुणाला जास्त.

तरी आज त्या ओळी शोधल्या. डिलीट केलेल्या ओळी कचऱ्याच्या डब्यात जात नाहीत, जातात त्या जातातच. आठवायला बसलो, पण आठवणार काय? मी त्या वाचल्याच नव्हत्या. याची लाज वाटली. पहिल्यांदाच.

२ एप्रिल
मला बढती मिळाली, वरच्या मजल्यावर वेगळी खोली. एरवी पेढे वाटले असते. माझ्या जागी नवी मुलगी आली आहे, हुशार, तोंडावर तुच्छता. तिला सांगितलं की तुझ्या ओळी खाली वाढव, माझ्या दोन ओळींना हात लावू नकोस. तिने का म्हणून विचारलं. मी म्हटलं, पद्धत आहे.

ती हसली. ते हसू माझ्या ओळखीचं आहे.

३ एप्रिल
गेल्या. दोन्ही ओळी. पासवर्डही बदललाय. हात जोडले, पुन्हा टाक म्हटलं, पत्ता कागदावर लिहून दिला, ठकीचं नाव लिहून दिलं. ती म्हणाली, "कामाच्या यादीत तुमचा संसार कशाला, सर?" मग म्हणाली, बघते उद्या. कागद कपबशीखाली ठेवला.

अजून सगळं आठवतंय. निळं दार. ठकीचा पडलेला दात. खिडकी उघडी आहे तोवर आहे. झोपायचं नाही. भीती वाटते.

४ एप्रिल, सकाळ
झोपलो नाही. ठकीने विचारलं, बाबा डोळे लाल का. तिला घट्ट धरलं. बसमध्ये उभा राहीन, बसणार नाही—

४ एप्रिल
बसमध्ये दांडीला टेकलो होतो. एकच स्टॉप. फार तर एकच—

४ एप्रिल, दुपार
वर जायला निघालो. जिन्यातल्या पाचांनी सरकून जागा करून दिली. म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

या वहीत जागोजागी ठकी लिहिलंय. अक्षर माझंच. लेक, असं लिहिलंय. मला लेक—

भूक लागली. हातात डबा आहे. झाकणावर एका घराचं चित्र, दार निळं. लहान मुलाने काढलेलं दिसतं. छान काढलंय. आईबाप वाट बघत असतील त्याची, कुणीतरी त्याला घरी—